डोंबिवलीहून नागपूर: नव्या शाळेआधीचे दहा आठवडे

बदलीचा आदेश मार्च २०२५च्या शेवटच्या आठवड्यात हातात पडला. थोरली तेव्हा तिसरीत होती, धाकटा बालवाडीच्या मोठ्या गटात. म्हणजे जूनमध्ये तिला चौथीत नवीन शाळा आणि त्याला पहिलीच. सामान कसं हलवायचं, भाडेकरार कसा करायचा, याची माहिती कुठेही मिळते. शाळा सुरू होण्याआधी मुलांना तिथे एक तरी सवंगडी कसा मिळवून द्यायचा, हे मात्र आम्हाला कुणी क्रमाने सांगितलं नाही. म्हणून जे केलं ते, आणि जे चुकलं तेही, तारखांसकट लिहितो आहोत.

मुलांना त्याच रात्री सांगितलं. फोनवरचं अर्धवट बोलणं कानावर पडत राहिलं की मुलं मनात भलतंच जुळवतात. सांगताना ठरलेल्या गोष्टीच सांगाव्यात: कधी जायचं, सोबत कोण असेल, आजीकडे आणि जुन्या मैत्रिणींकडे परत कधी यायचं. "तिथे तुला खूप मैत्रिणी मिळतील" असं आम्ही पहिल्या दिवशी बोलून गेलो, ती चूक झाली. नऊ वर्षांच्या मुलीला त्या क्षणी नव्या मैत्रिणी नको असतात, जुन्या सुटणार म्हणून रडायचं असतं. ते रडणं होऊ द्यावं. शिवाय नव्या मैत्रिणी आपल्या हातात नाहीत, आणि हातात नसलेलं कबूल केलेलं मुलांच्या चांगलं लक्षात राहतं.

११ आणि १२ एप्रिलला नागपूरला जाऊन आलो. आधी शाळा नक्की केली आणि मग तिच्यापासून चालत जाता येईल असं घर शोधलं. हा क्रम उलटा करू नये. घर शाळेजवळ असलं की संध्याकाळी खाली खेळणारी मुलंच सकाळी वर्गात भेटतात. लांब असलं तर मुलाला दोन वेगळे गट नव्याने जोडावे लागतात. घर बघायला शक्यतो संध्याकाळी सातला जावं आणि पार्किंगमध्ये छोट्या सायकली किती आहेत ते मोजावं. कोणत्या वयाची मुलं राहतात, हे सायकलींच्या उंचीवरून कळतं. आम्ही घेतलेल्या घराचं भाडं दुसऱ्यापेक्षा हजार रुपयांनी जास्त होतं, पण खाली सात सायकली होत्या आणि त्यातल्या तीन थोरलीच्या मापाच्या.

शाळा अनुदानित मराठी माध्यमाची आहे. तिथे फीच्या आधी विचारायचे प्रश्न वेगळे होते. चौथीच्या तुकड्या किती? जूनमध्ये तुकड्या मोडून नव्याने करतात की तिसरीच्याच पुढे चालतात? (नव्याने करत असतील तर बरं, सगळ्यांनाच शेजारी नवा असतो.) व्हॅन कोणत्या भागातून येते? मे महिन्यात कार्यालय कधी उघडं असतं? आम्हाला उत्तर मिळालं: सकाळी आठ ते अकरा. एवढं माहीत असल्याने पुढचा एक हेलपाटा वाचला.

आता कागदपत्रं. त्या वर्षी परीक्षा एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत चालल्या आणि निकाल १ मेला लागला. निकालानंतर मुख्याध्यापक आणि लिपिक सुट्टीवर जातात, म्हणून शाळा सोडल्याच्या दाखल्याचा अर्ज निकालाची वाट न पाहता २२ एप्रिललाच देऊन पोच घेतली. दाखला ८ मेला मिळाला. तो शाळेच्या दारातच वाचून घ्यावा: मुलाचं, वडिलांचं आणि आईचं नाव आधारवर आहे तसंच आहे का, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी जुळते का, जन्मस्थळात तालुका आणि जिल्हा आहे का, जनरल रजिस्टरचा क्रमांक आणि यूडायसचा (शाळा आणि विद्यार्थ्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या सरकारी पोर्टलचा) ११ अंकी पेन क्रमांक, म्हणजे विद्यार्थ्याचा कायम क्रमांक, लिहिला आहे का. आमच्या दाखल्यावर आईच्या नावात एक वेलांटी चुकली होती. तिथल्या तिथे दुसरी प्रत करून मिळाली. मूल शाळा सोडून गेल्यावर अशीच दुरुस्ती करायची तर शिक्षणाधिकारी कार्यालयापर्यंत जायची वेळ येऊ शकते. निघताना आणखी एक गोष्ट विचारायची असते, ती आम्ही विचारली नाही. तिचा त्रास पुढे शाळा सुरू झाल्यावर झाला.

धाकट्याचं सोपं होतं. जन्मदाखला, आधार, फोटो. पहिलीसाठी त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला सहा वर्षं पूर्ण व्हावी लागतात, तो त्यात बसत होता.

निरोपासाठी मोठा कार्यक्रम केला नाही. थोरलीच्या पाच मैत्रिणी घरी जेवायला आल्या आणि एका वहीत प्रत्येकीने एक पान भरलं: पत्ता, वाढदिवस, आईचा फोन, आणि "आपण दोघींनी केलेली सगळ्यात भारी गोष्ट". पोस्टातून वीस पोस्टकार्डं आणली, पन्नास पैशांना एक, म्हणजे दहा रुपयांत वीस निरोप. फोनचा वार ठरवून टाकला, शनिवारी संध्याकाळी पाच वाजता, पंधरा मिनिटं. नागपूरला गेल्यावर पहिल्या आठवड्यात तो नियम मोडून रोज व्हिडिओ कॉल होऊ दिले, आणि ती रोज संध्याकाळी, खाली मुलं जमायच्या वेळेलाच, फोन घेऊन बसू लागली. वार परत लावून धरला तेव्हा ती खाली उतरू लागली. जुनी मैत्री तुटू द्यायची नाही, पण नवीन मैत्रीची वेळ तिने खाता कामा नये.

११ मेला नागपुरात आलो. मे महिन्यात इथे सकाळी दहा ते संध्याकाळी सहा रस्त्यावर चिटपाखरू नसतं. घरोघरी कूलर चालू आणि मुलं आत. पहिले दोन दिवस वाटलं, या इमारतीत मुलंच नाहीत. साडेसहा वाजता मात्र ती एकदम खाली येतात आणि साडेआठपर्यंत असतात. नव्या मुलाला इथे उपयोगी पडतो तो नेम: रोज तीच वेळ, तीच जागा. आम्ही रोज पावणेसातला पाण्याच्या टाकीजवळच्या कट्ट्यावर जाऊन बसायचो, जवळ काही तरी दोघांनी खेळायचं घेऊन. रंगीत खडूंचा डबा सगळ्यात उपयोगी ठरला. फरशीवर ठिकऱ्यांचे चौकोन आखले की मुली आपोआप येऊन "आमच्याकडे असं नाही काढत" म्हणून दुरुस्त करू लागतात. (इथे त्याला बिल्लस म्हणतात.) दोरीवरच्या उड्यांची लांब दोरी, प्लास्टिकचा चेंडू, भोवरा हेही चांगलं. बॅटरीवरची गाडी नेली त्या दिवशी चार मुलं भोवती जमली, गाडी पाहिली आणि निघून गेली. खेळायला कुणाची गरजच नव्हती. मोबाइल तर खाली नेऊच नये, आपलाही नाही.

चालू खेळात शिरायचं कसं, हे मुलांना शिकवावं लागतं. मोठी माणसं सांगतात, "जा, विचार त्यांना, मला खेळायला घेता का?" हा सल्ला बहुतेक वेळा फसतो, कारण रंगात आलेल्या खेळात प्रश्न विचारला की "नाही" म्हणणं सगळ्यात सोपं असतं. चालतं ते असं: आधी पाच-दहा मिनिटं जवळ उभं राहून खेळ आणि त्याचे नियम बघायचे. मग खेळाला उपयोगी पडेल असं काही करायचं, लांब गेलेला चेंडू आणून द्यायचा, मोजणारा कमी असेल तर मोजायचं. मग खेळाबद्दलच बोलायचं, स्वतःबद्दल नाही: "तो खांबामागे आहे." आणि डाव संपताच, पुढच्या डावाची वाटणी होताना, त्यात उभं राहायचं. हे आम्ही घरी उशांची मुलं करून रोज पाच मिनिटं करून पाहिलं. थोरलीला पहिल्या चार दिवसांत एकदाही कुणी घेतलं नाही. पाचव्या दिवशी रेसटीपमध्ये, म्हणजे आमच्याकडच्या लपाछपीत, तिने एका लपलेल्या मुलीला ओढणीने झाकलं, आणि पुढच्या डावात त्या मुलीने तिला आपल्याजवळ ओढून घेतलं. ते चार दिवस वर गॅलरीत उभं राहून बघणं फार जड गेलं. तरी मध्ये पडलो नाही, ते बरंच झालं. मोठ्या माणसाच्या सांगण्यावरून घेतलेल्या मुलाला पुढच्या वेळी मुलं टाळतात.

धाकट्याचा प्रश्न कच्च्या लिंबाने सोडवला. मोठ्या मुलांना एवढंच सांगितलं, "हा कच्चा लिंबू." बाद झाला तरी बाद नाही, राज्य त्याच्यावर नाही, पण पळायचं सगळ्यांबरोबर. सहा वर्षांच्या मुलाला हा मान पुरतो. फक्त आठेक दिवसांनी तो काढून घ्यायला हवा, नाही तर मुलं त्याला खेळगडी मानायचंच सोडून देतात.

मेच्या शेवटच्या आठवड्यात एकेका मुलाला घरी बोलावायला लागलो. यातल्या बऱ्याच गोष्टी आम्ही चुकूनच शिकलो. एका वेळी एकच पाहुणं. तीन झाली की दोघांचं जमतं आणि तिसरं, बहुधा घरचंच मूल, एकटं पडतं. वेळ दीड तास, त्याहून जास्त नाही. खेळ रंगात असताना निरोप झाला की पुढच्या भेटीची ओढ राहते. जी खेळणी जीव की प्राण आहेत ती आधीच कपाटात. "वाटून खेळा" असं म्हणत बसण्यापेक्षा हे सोपं. दोन गोष्टी तयार ठेवायच्या, एक हाताने करायची (मातीची भांडी, कागदी विमानं) आणि एक बसून खेळायची (कॅरम). पहिली वीस मिनिटं मुलांना बोलायला काही नसतं, हातात काम असलं की गप्पा आपोआप सुरू होतात. खायला पन्हं आणि चिवडा. पाहुण्या मुलाच्या आईला आधी विचारून घ्यावं काय चालत नाही. खर्च पन्नास-साठ रुपये. पाहुणीच्या आईलाही "काकू, तुम्हीही चहाला थांबा ना" म्हटलं. पहिल्या भेटीत आई थांबली की मूल मोकळं होतं, आणि शाळेची निम्मी माहिती त्या चहावरच मिळाली.

इमारतीतल्या ओळखी झाल्या, पण वर्गातलं कोण? १५ मेला प्रवेश अर्ज देताना आम्ही लिपिकांकडे चौथीतल्या मुलांचे नंबर मागितले आणि त्यांनी दिले नाहीत. ते योग्यच होतं. मग उलट विनंती केली: आमचा नंबर आमच्याच भागात राहणाऱ्या दोन-तीन पालकांना द्याल का? तो त्यांनी दिला आणि एक फोन आला. दुसरा मार्ग व्हॅनवाल्या काकांचा. कोणत्या इयत्तेतलं मूल कोणत्या गल्लीत उतरतं, हे त्यांना कुठल्याही यादीपेक्षा नीट माहीत असतं. त्यांच्याकडून कळलं की पलीकडच्या गल्लीत चौथीतली एक मुलगी आहे. तिच्या घरी तिळाच्या वड्या घेऊन गेलो आणि जूनमध्ये दोघी चार वेळा भेटल्या. ओळखी वाढवायच्याच तर अशी एकच, नावानिशी, चार वेळा भेटलेली. वीस मुलांच्या वाढदिवसाला नेऊन आम्ही पाहिलं. घरी येताना थोरलीला एकही नाव आठवत नव्हतं.

जिल्हा परिषदेच्या आणि महापालिकेच्या शाळांत पहिलीला जाणाऱ्यांसाठी शाळापूर्व तयारी मेळावे होतात, एक साधारण एप्रिलमध्ये आणि दुसरा शाळा उघडताना. नोंदणी, शारीरिक, बौद्धिक, सामाजिक-भावनिक, भाषा, गणनपूर्व तयारी आणि पालकांना मार्गदर्शन असे सात टप्पे असतात आणि मूल एकेक करत पुढे जातं. मूल सरकारी शाळेत घालणार असाल तर हा मेळावा चुकवू नका. गुण देणारी परीक्षा नसते ती, पण वर्ग आणि बाई पहिल्या दिवसाआधी पाहून होतात.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात तालीम सुरू केली. शाळेच्या वेळेवर, दप्तरासकट, तीनदा चालत गेलो. १२ जूनला मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन वीस मिनिटं आत जाऊन आलो. वर्गापेक्षा महत्त्वाची ठिकाणं होती स्वच्छतागृह, पाण्याचे नळ आणि सुटताना उघडणारं फाटक. धाकट्याला स्वच्छतागृहाची कडी लागत नव्हती. ती तशीच राहिली असती तर त्याने पहिले दोन आठवडे पाणीच प्यायलं नसतं. बटणाच्या चड्डीऐवजी इलॅस्टिकची घेतली. डब्याचं झाकण त्याला स्वतःला उघडता येतं का ते पाहिलं. नव्या स्टीलच्या डब्याला येत नव्हतं, जुनाच ठेवला. मधल्या सुट्टीत हात धुऊन, खाऊन, खेळायलाही वेळ उरावा म्हणून पंधरा मिनिटांत डबा संपवायची सवय घड्याळ लावून केली. जो डबा खात बसतो तो मैदानावर उशिरा पोचतो आणि तोपर्यंत गट पडलेले असतात. दोघांचे गणवेश प्रत्येकी दोन, सगळे मिळून सव्वातीन हजार. पाठ्यपुस्तकं अनुदानित शाळेत शाळेतूनच मोफत मिळाली, ती विकत घेऊन ठेवू नयेत.

एका गोष्टीचा अंदाज आला नव्हता. उर्वरित महाराष्ट्रातल्या शाळा १६ जूनला उघडल्या, विदर्भातल्या २३ जूनला. १६च्या सकाळी डोंबिवलीच्या मैत्रिणींचा गणवेशातला फोटो आला, थोरलीच्या जागेवर दुसरीच मुलगी बसलेली. दिवसभर थोरली बोलली नाही. त्या आठवड्यासाठी काही तरी ठरवून ठेवायला हवं होतं. संध्याकाळी पलीकडच्या गल्लीतल्या मैत्रिणीला बोलावलं आणि दोघींनी वह्यांना कव्हरं घातली. ते काम मुद्दाम तोपर्यंत राखून ठेवण्यासारखं आहे.

उन्हामुळे पहिला आठवडा सकाळचं सत्र, सात ते पावणेबारा. त्यासाठी उठायची वेळ १० जूनपासून दर तीन दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे आणली. २३ला प्रवेशोत्सव होता. फुलं, औक्षण, ढोलताशा. धाकटा आवाजाने बिचकला आणि कमरेला मिठी मारून बसला. बाईंना आधी सांगितलं असतं तर त्याला बाजूच्या दाराने नेता आलं असतं. निरोप एका वाक्याचा ठेवला: "पावणेबाराला मी या कडुनिंबाखाली उभी असेन." आणि खरोखर साडेअकरालाच जाऊन उभं राहायचं. मुलाचं लक्ष चुकवून निघून जाऊ नये. तो दुसऱ्या दिवशी हात सोडत नाही.

घरी आल्यावर "मैत्री झाली का?" विचारलं की "नाही" येतं. "डबा कुणाशेजारी बसून खाल्ला?" विचारलं की नाव येतं, नाही तर निदान "खिडकीजवळच्या मुलीशेजारी" येतं. ते नाव दुसऱ्या दिवशी लक्षात ठेवून विचारायचं.

पहिल्याच दिवशी थोरली म्हणाली, हजेरीत माझं नाव नाही. तेव्हा कळलं की जुन्या शाळेने यूडायस प्लसवर तिची नोंद 'शाळा सोडली' अशी केलीच नव्हती. ती केल्याशिवाय नाव ड्रॉपबॉक्समध्ये, म्हणजे पोर्टलवरच्या शाळा सोडलेल्या मुलांच्या यादीत, जात नाही, आणि तिथून पेन क्रमांक आणि जन्मतारीख टाकल्याशिवाय नवीन शाळेला ते ओढून घेता येत नाही. दाखला घेतानाच "ऑनलाइन सोडलं का?" विचारायचं राहिलं, ते हेच. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ नुसार सरकारी किंवा अनुदानित शाळेत बदली घेताना दाखल्याला उशीर झाला म्हणूनही प्रवेश अडवता येत नाही, तेव्हा वर्गात बसायला अडचण नव्हती. पण रोज सगळ्यांची नावं संपेपर्यंत ती वाट बघायची. २५ जूनला बाईंना चिठ्ठी दिली आणि त्यांनी हजेरीपत्रकात शेवटी पेन्सिलीने नाव लिहून, वाचायला सुरुवात केली. जुन्या शाळेला चार फोन आणि एक लेखी अर्ज गेला. १४ जुलैला नाव पोर्टलवर आलं.

तुकडीचंही तसंच. ओळखीची मुलगी 'अ'मध्ये, आमची 'ब'मध्ये. अर्ज केला, पाच दिवसांनी उत्तर आलं की पट ठरला आहे. ही विनंती मेमध्ये प्रवेश अर्जासोबतच जोडायची असते. तरी मधल्या सुट्टीत आणि जाता-येता दोघी सोबत राहिल्या, तेवढ्यावर पहिले दोन आठवडे निघाले.

तिसऱ्या आठवड्यात, नवलाई ओसरल्यावर, सोमवारी सकाळी थोरलीच्या पोटात दुखू लागलं. असं होतंच. आम्ही डॉक्टरांना एकदा दाखवलं, शाळा चुकवली नाही आणि बाईंशी दहा मिनिटं बोललो. कारण निघालं भाषेचं. "खेळतेय" म्हटलं की मुलं चिडवायची, कारण ती "खेळून राहिली" म्हणतात. मग फ्रिजवर कागद लावला, दोन रकाने: आपला शब्द, नागपूरचा शब्द. कोथिंबीर म्हणजे सांबार, शेंगदाणे म्हणजे फल्ली, का म्हणजे काहून. रोज एक नवा शब्द कुणाकडून तरी विचारून आणायचा. विचारायचा म्हणजे बोलावं लागतं, आणि शिकवणारी मुलं चिडवत नाहीत. ऑगस्टपर्यंत कागदावर एकेचाळीस शब्द झाले. महिना-दीड महिना उलटूनही जेवण, झोप सुधारली नसती तर समुपदेशकांकडे जायचं आम्ही ठरवून ठेवलं होतं. ती वेळ आली नाही.

२३ ऑगस्टला तान्हा पोळा होता. इथे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुलं चाकांचे लाकडी बैल सजवून घरोघरी नेतात आणि बोजारा म्हणून पैसे, खाऊ मिळतो. नवीन आलेल्यांनी बैल आठ दिवस आधीच घ्यावा, आदल्या दिवशी चांगले उरत नाहीत, आणि घेताना चाकं फिरवून बघावीत. आमच्या बैलाचं मागचं चाक अडकत होतं. धाकट्याने तो उलटा करून वर्गातल्या मित्राच्या दारात नेला, त्या मित्राच्या आजोबांनी आसाला खोबरेल लावलं, आणि दोघं दोन बैल घेऊन खालच्या मजल्यापासून निघाले.